टेन्स चुकेल म्हणून फोनच घेत नाही

"मॅडम, इंग्रजी वाचलेलं कळतं, मेलही लिहितो. बोलायची वेळ आली की कुठला टेन्स लावायचा यातच अडकतो. काय करू?" हा प्रश्न घेऊन येणारे सांगलीत बरेच आहेत.

त्यातलाच एक, कुपवाड एमआयडीसीत डिस्पॅच बघणारा. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) शिक्षण मराठी माध्यमातलं, पुढे बी.कॉम. चेन्नईच्या पार्टीचा फोन वाजला की मोबाइल शेजारच्या टेबलावर सरकवायचा.

म्हटलं, ज्या फोनवर गाडी अडली तो जसाच्या तसा सांगा. समोरून विचारलं होतं, 'हॅव यू सेंट द मटेरियल?' याने मनात बारा काळांचा तक्ता उघडला. गाडी काल सुटली, म्हणजे भूतकाळ. पण माल अजून वाटेत आहे, मग चालू काळ? घाईत बोलून गेला, 'वी आर सेंडिंग.' पार्टीला वाटलं, माल अजून गोडाऊनातच पडलाय. मालकाकडे तक्रार गेली आणि ऑफिसात त्या वाक्याची नक्कल सुरू झाली.

माझ्या मते खरं दुखणं त्या नकलेत होतं. परत हसतील म्हणून तो प्रत्येक वाक्य आणखीच तपासायला लागला. भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८२ मध्ये लिहून ठेवलंय, की प्रत्येक वाक्य आधी नियमाने तपासणारा माणूस बोलताना अडखळतो. तपासायला वेळ लागतो आणि गप्पांत तो नसतो. मेल लिहिताना असतो, म्हणून अशा लोकांचे मेल बरे.

तक्ता बाजूला ठेवला. प्रश्न नीट ऐका, बऱ्याचदा काळ त्यातच असतो. 'हॅव यू सेंट?'ला 'येस, वी हॅव.' 'डिड यू सेंड?'ला 'येस, वी डिड.' तेवढ्यात पुढचं सुचतं. कधी पाठवला ते सांगायचं असेल तर सरळ साधा भूतकाळ: 'वी सेंट इट यस्टरडे.' तिथे 'हॅव सेंट' नको. आणि 'जवळ आहे' म्हणायला 'आय हॅव द एलआर कॉपी' (एलआर म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती) पुरतं, 'आय ॲम हॅविंग' नाही.

मग मी पार्टी झाले, तो डिस्पॅच. मध्येच 'वी डिडन्ट सेंट' आलं ('सेंड' हवं होतं), मी टोकलं नाही. टोकलं असतं तर तक्ता परत उघडला असता. नक्कल करणाऱ्याला काय सुनवायचं ते मात्र मराठीतच घोटून घेतलं. त्याला जास्त वेळ गेला.

आता फोन स्वतः घेतो. परवा विचारत होता, उद्या गाडी भरणार, हे 'विल लोड' की 'गोइंग टू लोड' की 'आर लोडिंग'? म्हटलं, गाडी ठरलीय ना? मग तिन्ही चालतात, 'वी आर लोडिंग टुमॉरो' जास्त सहज वाटतं.

"मग मी आपलं 'विल'च म्हणतो मॅडम, जिभेला सवय आहे."

म्हणा की.