गणिताच्या वहीत पगार कशाला?

'आमच्या वेळी गणितात फक्त गणित असायचं,' असं म्हणतच एक वडील माझ्याकडे सल्ल्यासाठी आले. सोबत सातवीतला मुलगा. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मध्यक, म्हणजे क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला आकडा, शिकवताना बाईंनी पगारांतल्या तफावतीचं उदाहरण घेतलं आणि तेव्हापासून गणिताचा तास असला की मुलाचं पोट दुखायचं. बाई मुलांच्या डोक्यात राजकारण भरतात, अशी वडिलांची तक्रार.

मी वही मागितली. नऊ जणांना प्रत्येकी १०,००० पगार, दहाव्याला १,१०,०००. सरासरी २०,०००, पण एवढा पगार त्यांच्यातल्या एकालाही नाही! मध्यक १०,०००. मध्यक कशासाठी लागतो हे याहून सोपं करून सांगता येईल असं मला वाटत नाही. यात राजकारण काही दिसलं नाही.

आणि 'फक्त गणित' कधी होतं? भास्कराचार्यांच्या साधारण ११५० सालच्या 'लीलावती' या गणिताच्या ग्रंथात व्यस्त त्रैराशिकाचं (एक वाढलं की दुसरं त्याच प्रमाणात घटतं, अशा हिशोबाचं) एक उदाहरण आहे: सोळा वर्षांच्या दासीची किंमत ३२, तर वीस वर्षांच्या दासीची किती? त्रैराशिक आजही शिकवतात, ते उदाहरण मात्र कुठलीही शाळा देणार नाही. व्याज, नफा-तोटा, वाटण्या हेसुद्धा समाजातूनच वहीत आले. वडिलांना हे पटलं असावं. निदान वाद थांबला.

पोटदुखीचं कारण निराळंच निघालं. मुलाशी, तो एकटा असताना, बोललो. पुढचा गृहपाठ होता, 'घरचं मासिक उत्पन्न लिहून आणा, वर्गाचा आलेख काढू.' वडिलांची नोकरी सुटलेली, घरात त्यावर कुणी बोलत नाही. मुलाने मनानेच एक आकडा लिहून दिला होता आणि तो उघडा पडेल या धास्तीत तो होता.

त्याला विचारूनच हे वडिलांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. नोकरीबद्दल मुलाशी आधी तुम्ही बोला, एवढंच मी सुचवलं. बाईंना चिठ्ठी लिहायला मदत केली: पगाराचा विषय राहू द्या, आकडे मात्र काल्पनिक किंवा छापून आलेले घ्या, वर्गातल्या घरांचे नकोत. आणि पगारांतली तफावत न्याय्य आहे का, याचं उत्तर आकडेमोडीआधी फळ्यावर नको. मुलांना वाद घालू द्या.

बाईंनी आलेख रद्द केला. मुलाचा मध्यक अजून चुकतो, आकडे चढत्या क्रमाने लावायला तो विसरतो. त्याचा सराव आता वडील घेतात.