मिलिपीडमधला नर-मादी ओळखताना

मिलिपीड (वलयावलयांच्या शरीराचा, पुष्कळ पायांचा किडा) नर की मादी हे ओळखताना नुसत्या जाडीवर जाऊ नका. बहुतेक जातींत मादी जास्त जाड आणि भारदस्त असते, कारण तिच्या पोटात अंडी वाढतात. नर सडपातळ, आणि पुष्कळदा त्याचे पाय शरीराच्या मानाने लांब. पण वय आणि खाणं यांनीही आकार बदलतो. मीही सुरुवातीला एका बारीक, तरुण मादीला कितीतरी दिवस नर समजत होतो.

खरी खूण शरीराच्या सातव्या वलयावर. लांब, गोलसर जातींत डोक्यामागून वलयं मोजा: पहिल्याला पाय नसतात, पुढच्या तिघांना एकेक जोडी, मग दोन-दोन. नराच्या सातव्या वलयावरचे पाय बदलून समागमाचे अवयव झालेले असतात. त्यामुळे खालून पाहिलं की पायांच्या रांगेत तिथे फट दिसते. मादीत रांग सलग असते. पिल्लांत हे दिसत नाही, मोठी होऊ द्या.

पारदर्शक डब्यात चालू द्या आणि तळातून पाहा. गुंडाळी केलेल्याला ओढून सरळ करू नका, इजा होते. सातव्या वलयाची खूण मात्र अंगाची गोळी करणाऱ्या जातींना लागू नाही, त्यांच्या नरांचे बदललेले पाय शेपटीकडे असतात.