सामना पन्नास कोटींचा, पाहणे जवळजवळ फुकट: हे गणित बसते कसे?

नमस्कार. आपले दोन प्रश्न आहेत. आयपीएलचा एकेक सामना मोबाइलवर दाखवण्यासाठी पन्नास-पन्नास कोटी मोजणारी कंपनी तो फुकट किंवा नाममात्र पैशांत दाखवते, तर ते पैसे वसूल कसे होतात, हा पहिला. आणि आपल्या जिल्ह्यातील कबड्डी स्पर्धा ऑनलाइन दाखवताना प्रेक्षकांकडून वर्गणी घ्यावी की जाहिरातींवर भागवावे, हा दुसरा. मी बरीच वर्षे जाहिरातविक्रीत काढली आणि त्यानंतर चार हंगाम रायगड जिल्ह्यातील टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धांचे यूट्यूबवरून थेट प्रक्षेपण केले, म्हणून दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकत्रच देतो. या धंद्यात नफा कोणाच्या पदरात पडणार, हे प्रेक्षक किती आहेत यापेक्षा हक्कांच्या लिलावात बोली लावणारे किती आहेत यावर ठरते, असे माझे ठाम मत झाले आहे.

आधी हक्कांचा हिशेब पाहू. आयपीएलच्या २०१८ ते २०२२ या पाच हंगामांचे दूरचित्रवाणी आणि डिजिटल असे सगळे हक्क स्टार इंडियाने १६,३४७.५ कोटी रुपयांना घेतले होते. जून २०२२ मध्ये बीसीसीआयने पुढच्या पाच हंगामांसाठी हे हक्क वेगवेगळे करून लिलावात मांडले. भारतीय उपखंडातील दूरचित्रवाणीचे हक्क डिस्ने स्टारकडे (म्हणजे पूर्वीच्या स्टार इंडियाकडेच) २३,५७५ कोटींना गेले, म्हणजे ४१० सामन्यांच्या हिशेबाने सामन्यामागे ५७.५ कोटी, डिजिटलचे हक्क जिओवाल्या रिलायन्स समूहाच्या व्हायकॉम१८ ने २०,५०० कोटींना, सामन्यामागे ५० कोटी देऊन घेतले. निवडक सामन्यांचा स्वतंत्र डिजिटल गट आणि परदेशातील हक्क धरून एकूण रक्कम ४८,३९० कोटींवर गेली. मोबाइलवर सामने पाहणारे मधल्या काळात पुष्कळ वाढले होते, सामनेही वाढले होते, हे मान्य. तरीही रक्कम जवळजवळ तिप्पट झाली ती मुख्यतः एवढ्यासाठी की विकणारा एकटा होता आणि हात आखडता न घेणारे ग्राहक समोरासमोर बसले होते.

आता वसुली. जाहिरातीचा दर हजार वेळा दिसण्यामागे ठरतो, त्याला धंद्यात ‘दर हजारी’ म्हणतात. केवळ आकडेमोडीसाठी हा दर २०० रुपये धरू. पन्नास कोटी उभे करायचे तर जाहिराती २५० कोटी वेळा दिसल्या पाहिजेत. वीस-वीस षटकांच्या सामन्यात षटकांमधली अडतीस मध्यांतरे, चार टाइमआउट, पडणाऱ्या विकेटी आणि दोन डावांमधली विश्रांती मिळून पूर्ण सामना पाहणाऱ्याला सुमारे शंभर जाहिराती दिसतात असे समजा. म्हणजे पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत बसून राहणारे अडीच कोटी प्रेक्षक हवेत, आणि तेही प्रत्येक सामन्याला, मग तो मंगळवारचा गुणतालिकेच्या तळाच्या दोन संघांचा का असेना. २०२३ च्या अंतिम सामन्यात व्हायकॉम१८ च्या जिओसिनेमा या ॲपवर एका वेळी जास्तीत जास्त ३.२ कोटी प्रेक्षक होते. तो शिखराचा आकडा होता आणि धोनीच्या संघाचा सामना होता. रोजची सरासरी शिखरावर चालत नाही, त्यामुळे निव्वळ जाहिरातींवर हे गणित बसणे फार कठीण आहे. त्यात ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि क्रिकेटमधला एक मोठा जाहिरातदार वर्गच नाहीसा झाला.

खर्चाची एक बाजू बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दूरचित्रवाणीवर प्रेक्षक दुप्पट झाले तरी उपग्रहाचे भाडे तेवढेच राहते. मोबाइलवर मात्र प्रत्येकाला वेगळा प्रवाह पाठवावा लागतो. दोन एमबीपीएसच्या (सेकंदाला दोन मेगाबिट) साध्या चित्राला तासाला सुमारे ०.९ जीबी लागतात, म्हणजे साडेतीन तासांच्या सामन्याला माणशी तीन जीबींहून थोडे जास्त. याला एक कोटीने गुणा आणि मग फुकट बघणाऱ्याची खरी किंमत कळेल. प्रेक्षक वाढला की खर्चही वाढतो, असा हा धंदा आहे.

मग वर्गणी का घेत नाहीत? घेऊन पाहिली. डिस्ने स्टारच्या हॉटस्टार या ॲपने २०२० पासून आयपीएल वर्गणीदारांपुरते ठेवले आणि वर्गणीदार भराभर वाढलेही. पण ते हॉटस्टारचे वर्गणीदार नव्हते, आयपीएलचे होते. २०२३ च्या हंगामापासून डिजिटल हक्क दुसरीकडे गेले, तिथे सामने फुकट दिसू लागले, आणि डिस्नेच्या स्वतःच्या तिमाही आकड्यांनुसार ऑक्टोबर २०२२ मधले ६.१३ कोटी वर्गणीदार वर्षभरात ३.७६ कोटींवर आले. माणशी महिन्याचे उत्पन्न तर एका डॉलरपेक्षाही कमी होते. त्याच वर्षी आशिया चषक आणि विश्वचषक हॉटस्टारलाही मोबाइलवर फुकट दाखवावे लागले. विश्वचषकाच्या १९ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्याला एका वेळी ५.९ कोटी लोक पाहत होते. विक्रम मोठा होता, पण त्या लोकांकडून तिकिटाचा एक रुपयाही आलेला नव्हता.

ज्याला हे परवडते, त्याच्याकडे दुसरा खिसा असतो. सामना पाहणारा डेटा वापरतो आणि रिचार्ज करतो. ज्या उद्योगसमूहाच्या हातात मोबाइलचे जाळे आहे, त्याच्या दृष्टीने क्रिकेट हे ग्राहक टिकवण्याचे साधन आहे. २०२५ मध्ये जिओने २९९ रुपये किंवा त्याहून मोठ्या रिचार्जवर जिओहॉटस्टार नव्वद दिवस मोफत दिले, त्यामागचा हिशेब हाच. केवळ स्ट्रीमिंगवर जगणाऱ्या कंपनीला या स्पर्धेत टिकणे अवघड होते.

आणि शेवटी तेच झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये डिस्ने स्टार आणि व्हायकॉम१८ हे दोन्ही प्रतिस्पर्धी एक झाले आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला हॉटस्टार आणि जिओसिनेमा मिळून जिओहॉटस्टार सुरू झाले; मोबाइलपुरता जाहिरातींसह तीन महिन्यांचा दर १४९ रुपये. ‘क्रिकेट कायमचे फुकट’ ही समजूत तिथेच संपली. विलीनीकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट मला सामाईक ॲप किंवा एकत्र झालेले प्रेक्षक वाटत नाहीत. पुढच्या लिलावात समोरची खुर्ची रिकामी असण्याची शक्यता ही ती गोष्ट आहे. २०२७ नंतरच्या हक्कांचा लिलाव होईल तेव्हा बीसीसीआयला हीच चिंता असेल.

युरोपातही वेगळे घडलेले नाही. डझोन (DAZN) ही खेळांचे सामने ऑनलाइन दाखवणारी सेवा २०१६ मध्ये जर्मनीत महिना ९.९९ युरोंना आली. २०२२ मध्ये नव्या ग्राहकांसाठी हा दर २९.९९ युरो होता, कारण फुटबॉलच्या हक्कांचे पैसे आणखी कुठून आणणार? फ्रान्समध्ये तिने लीग वन या तिथल्या मुख्य फुटबॉल स्पर्धेचे हक्क घेतले आणि एकाच हंगामानंतर ती बाहेर पडली. आता त्या लीगने स्वतःचीच वाहिनी काढली आहे.

आता आपल्या स्पर्धेकडे वळतो. पहिल्या वर्षी आम्ही आयोजक मंडळाला काहीच दिले नव्हते. उलट बांबूचा मनोरा, दोन कॅमेरे आणि ताडपत्रीखाली गुणफलकाचा लॅपटॉप पाहून मंडळच खूश होते. गावातला सराफ, सिमेंट-लोखंडाचा दुकानदार आणि वाढदिवस जवळ आलेला एक पुढारी यांच्या पडद्यावरच्या जाहिरातपट्ट्यांवर खर्च निघाला. दुसऱ्या वर्षी मुंबई आणि आखातात नोकरीला असलेली गावची मुले मोठ्या संख्येने पाहू लागली, तेव्हा अंतिम दिवसासाठी पन्नास रुपयांचा पास ठेवला. उपांत्य सामना संपायच्या आत सीमारेषेजवळ बसलेल्या एका मुलाने आपल्या मोबाइलवरून तोच सामना थेट दाखवायला सुरुवात केली. चित्र हलत होते, धावसंख्या दिसत नव्हती, तरी आमचे निम्म्याहून अधिक प्रेक्षक तिकडे गेले. तिसऱ्या वर्षी दुसरा एक गट पुढे आला, मंडळाने आम्हा दोघांना एकाच संध्याकाळी बोलावून रक्कम विचारली, आणि जाहिरातींतून जे उरत असे ते सगळे हक्कांपायी मंडळाकडे गेले. मंडळाने काही गैर केले असे मी म्हणणार नाही. त्या पैशांतून मैदानाला कुंपण झाले. पण वर्षभर प्रेक्षक आम्ही जमवला होता आणि त्याची किंमत दुसऱ्याला मिळाली.

म्हणून वर्गणी घेऊ नका, निदान पहिली तीन वर्षे नको. स्थानिक जाहिरातदाराला आकड्यांपेक्षा आपले नाव गावच्या माणसांनी मोठ्याने उच्चारलेले हवे असते. ‘अमुक ज्वेलर्स यांच्याकडून उत्कृष्ट पकड’ हे समालोचकाच्या तोंडचे वाक्य कोपऱ्यातल्या पट्टीपेक्षा चांगल्या दराने विकले जाते. संपूर्ण स्पर्धेसाठी एकच मुख्य प्रायोजक गाठा आणि त्याच्याकडून निम्मी रक्कम मैदान आखण्याच्या आधी घ्या. स्पर्धा संपल्यावर वसुलीला फिरण्यात माझे आठवडे गेले आहेत.

आणि कॅमेरा भाड्याने घेण्याआधी आयोजकांशी लेखी करार करा. एका वर्षाचा नको, तीन वर्षांचा करा. चौथ्या वर्षी दुसऱ्याने जी रक्कम देऊ केली असेल त्याच रकमेला पहिली संधी आपल्याला मिळेल, असे कलम त्यात घाला. चित्रफितींची मालकी आपल्याकडे राहील हेही लिहून घ्या. थेट सामन्याची किंमत शेवटची शिट्टी वाजली की उतरते, पण एका चढाईपटूने एकाच चढाईत चार गडी टिपल्याची अर्ध्या मिनिटाची फीत त्याच्या गावात वर्षभर फिरते, आणि पुढच्या हंगामाचा प्रायोजक बहुधा तीच पाहून फोन करतो.