पाण्याखालचा कॅमेरा : वाचकांचे प्रश्न, या वेळी फक्त ऑक्टोपस

गेल्या अंकात कपारीतून डोकावणाऱ्या ऑक्टोपसचा फोटो छापला आणि पत्रांचा ढीग पडला. त्यामुळे कासवं, रे आणि समुद्रघोडे यांना या महिन्यापुरती रजा. काही पत्रांत एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारली होती, ती एकत्र केली आहेत.

माझ्याबरोबर डायव्ह करणाऱ्या मित्राला दर वेळी ऑक्टोपस दिसतो, मला कधीच नाही. तो नेमकं बघतो तरी काय?

तो बहुधा ऑक्टोपस शोधतच नसेल, त्याचा उकिरडा शोधत असेल. पुष्कळ ऑक्टोपस शिकार बिळात आणून खातात आणि उरलंसुरलं दाराबाहेर फेकतात. खेकड्यांच्या पाठी, नांग्यांचे तुकडे, उघडे शिंपले असा पसारा एखाद्या भोकापाशी दिसला की थांबा. शिंपल्याची आतली बाजू अजून चकचकीत असेल तर मालक घरातच आहे असं समजायला हरकत नाही. शेवाळ धरलं असेल तर बिऱ्हाड हललेलं असतं. एखाद्या शंखाला बारीकसं भोक पाडलेलं दिसेल. तेही बहुधा त्याचंच काम. भोक पाडायचं, आत विषारी लाळ सोडायची आणि मांस सैल झालं की ओढून घ्यायचं.

मग बिळाच्या तोंडाकडे बघा, पण अंगावर जाऊ नका. आधी डोळा सापडतो. बाहुलीची काळी आडवी चीर असते, आणि प्राणी डोकं कुठेही कलवो, ती चीर जवळजवळ आडवीच राहते. शरीरातलं तोल सांभाळणारं इंद्रिय डोळा तसा फिरवून धरतं. डोळ्याच्या खाली-बाजूला एक नळी उघडझाप करताना दिसते, तो त्याचा श्वास. ती उघडझाप संथ असेल तर तुम्ही त्याला अजून खपता आहात.

दिवसा प्रवाळांवर फिरत असाल तर माशांवरही नजर ठेवा. हिंदी आणि प्रशांत महासागरातला ‘ऑक्टोपस सायनिया’ दिवसाढवळ्या शिकार करतो आणि ग्रुपर, गोटफिश त्याच्या मागे मागे असतात. तो भुजा घालून फटी चाचपतो, आतून जे पळतं त्यावर मासे टपलेले. ही भागीदारी फार सभ्य नसते. सोबतच्या माशाला ऑक्टोपस भुजेचा सणसणीत ठोसा मारतो, हे तांबड्या समुद्रातल्या चित्रणांवरून २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं. तेव्हा ग्रुपर एखाद्या दगडाभोवती उगाच घुटमळताना दिसला, तर त्या दगडाकडे दोन मिनिटं नीट बघा. दगडाला डोळा असण्याची शक्यता बरीच आहे, आणि त्यानं तुम्हाला केव्हाच पाहिलेलं असतं.

फोटो निळे-हिरवे आणि धुरकट येतात. कॅमेरा बदलू का?

नको. अंतर बदला. पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं. पाच-सहा मीटरवर लाल रंग मळकट तपकिरी दिसायला लागतो आणि आणखी खाली गेलं की जवळजवळ गायब होतो. मेंदू सवयीनं ही उणीव भरून काढतो, कॅमेरा नाही काढत. वर हेही लक्षात घ्या की फ्लॅशचा उजेड जाताना आणि येताना दोन्ही वेळा पाण्यातून जातो. दोन मीटरवरचा ऑक्टोपस म्हणजे उजेडाला चार मीटरचा प्रवास. झूमनं हे पाणी कमी होत नाही, फक्त मोठं दिसतं.

पाण्यात मास्कमधून वस्तू पाव हिस्सा जवळ आणि साधारण तिसऱ्या हिश्श्यानं मोठी भासते, म्हणून ‘पुरेसा जवळ आलो’ असं वाटेल तेव्हा अजून थोडं पुढे जायचं बाकी असतं. हातभर अंतर चांगलं. धुरकटपणा येतो तो पाण्यातल्या कणांवर फ्लॅश पडून. फ्लॅश लेन्सला चिकटून न ठेवता दोन्ही बाजूंना लांब काढा आणि तोंडं किंचित बाहेर वळवा, म्हणजे उजेडाची नुसती कड विषयावर पडते आणि मधलं पाणी अंधारात राहतं. सुरुवातीला शटर १/१६०, अ‍ॅपर्चर एफ ८ ते एफ ११, आयएसओ २००, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली. पुढचं पाणी किती गढूळ आहे त्यावर. लाल फिल्टरचे फोटो मला स्वतःला आवडत नाहीत, सगळं जग गुलाबी पडतं. उथळ पाण्यात व्हिडिओ करणाऱ्यांना मात्र तो उपयोगी पडतो.

मी नववीत आहे. ऑक्टोपसला रंग दिसत नाहीत असं वाचलं. मग तो रंग जुळवतो कसा?

फार चांगला प्रश्न विचारलास, आणि याचं पूर्ण उत्तर अजून शास्त्रज्ञांकडेही नाही. बहुतेक ऑक्टोपसच्या डोळ्यात प्रकाश ओळखणाऱ्या पेशींचा एकच प्रकार असतो, आपल्याकडे रंगांसाठी तीन. त्यामुळे आपल्यासारखा रंगभेद त्याला कळायला नको. पण उजेड-अंधार आणि खडबडीतपणा तो कमालीचा अचूक टिपतो, आणि लपायला निम्म्याहून अधिक तेच लागतं. शिवाय २०१५ मध्ये असं दिसलं की ऑक्टोपसची कातडी डोळ्यांच्या मदतीशिवायही प्रकाशाला प्रतिसाद देते. त्याच्या अंगावर रंगाच्या बारीक पिशव्या असतात. प्रत्येकीभोवती स्नायू, स्नायू आखडले की पिशवी पसरते आणि रंग दिसतो, सैल सोडले की तो ठिपक्याएवढा होतो. थेट मज्जातंतूंच्या हुकमावर चालत असल्यामुळे हे सगळं सेकंदाच्या आत होतं. त्यांच्या खाली प्रकाश परावर्तित करणारे थर असतात, निळी-हिरवी झाक तिथून येते.

फोटो काढायचा झाला तर कातडीवर उभे राहणारे काटेही टीप. शेवाळी दगडाजवळ गेला की गुळगुळीत ऑक्टोपस बघता बघता झुपकेदार होतो. त्यावर समोरून फ्लॅश मारलास तर सपाट दिसेल. एका बाजूनं मार, प्रत्येक काट्याची सावली पडेल. आणि एक फोटो काढून हात खाली घेऊ नकोस, तीच चौकट धरून ठेव आणि रंग बदलताना लागोपाठ काढत राहा.

काही गाइड काडीनं डिवचून ऑक्टोपस बाहेर काढून दाखवतात. यात गैर काय? फोटो तर छान मिळतात.

छान मिळत नाहीत हो. पांढराफटक पडलेला, भुजा ताणून शाई सोडत पळणारा प्राणी मिळतो. जाणकार माणूस असा फोटो एका नजरेत ओळखतो.

आणि आत कोण आहे हे काडी घालणाऱ्याला ठाऊक नसतं. अंड्यांवर बसलेली मादी असेल तर? बिळाच्या छताला माळा टांगलेल्या असतात, नेहमीच्या ‘ऑक्टोपस व्हल्गॅरिस’मध्ये एकेक अंडं तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान आणि संख्या लाखाच्या घरात. मादी नळीनं त्यांच्यावर पाण्याचे झोत सोडते, भुजांच्या टोकांनी माळा हळूहळू विंचरत राहते, म्हणजे त्यावर बुरशी-घाण धरत नाही. या काळात ती जवळजवळ काही खात नाही, आणि पिल्लं बाहेर पडली की मरते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ माँटेरीच्या खोल दरीत, सुमारे १४०० मीटरवर, शास्त्रज्ञांच्या दूरनियंत्रित पाणयंत्राला २००७ मध्ये अंडी घातलेली एक मादी दिसली. ते पुन्हा पुन्हा तिथे जात राहिले आणि २०११ पर्यंत ती त्याच दगडावर होती, ५३ महिने. प्रत्येक भेटीत तिची कातडी जास्त फिकी आणि सैल दिसत गेली. काठावरच्या ऑक्टोपसना इतका वेळ लागत नाही, पण त्यांनाही दुसरी संधी नसते. बिळात माळा दिसल्या की दूरवरून एक फोटो घ्या आणि निघा. दिवे तर अजिबात रोखून ठेवू नका.

राहिला तुमच्या हातांचा प्रश्न. निळ्या कड्यांचा ऑक्टोपस तळहातावर मावेल एवढासा असतो. चिडला की कडी लकाकतात. त्याच्या चाव्यात पफर माशात असतं तेच टेट्रोडोटॉक्सिन असतं, श्वासाचे स्नायू लुळे पडतात आणि त्यावर उतारा नाही. चावा कित्येकदा जाणवतही नाही. ‘किती गोड’ म्हणून तळहातावर घेणाऱ्यांचे फोटो मी पाहिले आहेत. डोक्याला हात लावावा अशी गोष्ट आहे.

फ्लॅशनं त्याचे डोळे बिघडतात का?

एखाद-दुसऱ्या लखलखाटापेक्षा मला जास्त खटकतो तो सतत रोखलेला पांढरा टॉर्च आणि एका प्राण्याभोवती रांग लावलेले सहा फोटोग्राफर. ऑक्टोपसचा डोळा निळ्या-हिरव्या उजेडाला जास्त संवेदनशील असतो, म्हणून रात्री फोकस करायला लाल दिवा वापरा. पाच-सहा फोटो झाले की पुढच्याला जागा द्या. नळीची उघडझाप वाढली, अंग एकदम गडद किंवा पांढरं पडलं, तो बिळात आत सरकला, की फोटो झाला असं समजायचं.

माझ्या कॅमेऱ्याला ऑक्टोपसनं विळखा घातला. मी ओढला तर त्यानं आणखी घट्ट धरला. तेव्हा काय करायला हवं होतं?

काहीच नाही! तो चाखत होता. त्याच्या चूषकांना, म्हणजे भुजांवरच्या चिकटणाऱ्या वाट्यांना, स्पर्श आणि चव दोन्ही कळतात. त्या चवीसाठी लागणारी खास ग्राहक-प्रथिनं २०२० मध्ये ओळखली गेली. सुमारे ५० कोटी चेतापेशींपैकी दोन तृतीयांश भुजांमध्येच आहेत, म्हणजे तुमच्या फ्लॅशच्या दांडीला लपेटलेली भुजा बऱ्याच अंशी आपल्या मतानं वागत असते. तुम्ही ओढलंत की तिच्या लेखी ते पळू बघणारं भक्ष्य. कॅमेरा सैल धरून ठेवा, दोरी मनगटात असू द्या. काच-प्लास्टिकमध्ये चवीचं काही नाही हे कळलं की तो एकेक चूषक सोडवत जातो. तेवढ्यात जोडीदारानं फोटो काढला तर फारच उत्तम, जवळून काढलेली चूषकांची रांग एरवी सहसा मिळत नाही.

मला स्कूबा येत नाही आणि वयामुळे शिकणंही जमेलसं वाटत नाही. हा नाद माझ्यासाठी आहे का?

आहे, काका. ऑक्टोपस उथळ पाण्यातही राहतात, स्नॉर्केल लावून वरून तरंगत बघता येतात, आणि दोन मीटर पाण्यात सूर्याचा उजेड फुकट असतो. जलाभेद्य छोटा कॅमेरा, मॅक्रोची, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची सोय असलेला, एवढं पुरे. एकट्यानं जाऊ नका. स्कूबा शिकणाऱ्यांनाही मी हेच सांगते की आधी पाण्यात स्थिर तरंगायला शिका, कॅमेरा मग. व्ह्यूफाइंडरमध्ये डोकं घातलं की माणूस हवेचा काटा बघायचा विसरतो आणि पायातल्या फिनांनी प्रवाळ मोडतो.

आणि साधनं कमी आहेत म्हणून मन खट्टू करू नका. लुई बुताँ या फ्रेंच जीवशास्त्रज्ञानं १८९३ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या बान्यूलच्या किनाऱ्यावर पाण्याखाली फोटो काढायला सुरुवात केली तेव्हा कॅमेऱ्याची पेटी त्याच्या भावानं बनवून दिली होती आणि एका फोटोला अर्धा अर्धा तास लागायचा. ऑक्टोपस सोडा, त्या वेळात खेकडासुद्धा जागेवर राहिला नसता.

हाउसिंगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीत, पाणी शिरू नये म्हणून काय करावं?

ओ-रिंग, म्हणजे पेटीच्या झाकणाची रबरी कडी, काढा, बोटांत धरून सगळीकडून फिरवून बघा. एक केस किंवा वाळूचा एक कण पुरतो. ग्रीस चमक येण्यापुरतंच, जास्त लावलं तर उलट कचरा चिकटतो. कॅमेरा घालण्याआधी रिकामं हाउसिंग बादलीत बुडवून बुडबुडे येतात का ते बघा. डायव्हनंतर गोड्या पाण्यात बुडवून बटणं दाबत राहा, मीठ तिथे साठतं. आणि खाली असताना आत थेंब दिसलाच, तर लेन्सची बाजू खाली धरा म्हणजे पाणी पोर्टमध्ये, लेन्सपुढच्या काचेच्या भागात, साचेल, कॅमेऱ्यात नाही. मग वर या, पण नेहमीच्याच वेगानं, वर येतानाचे सुरक्षेचे थांबे न चुकवता.