लिफ्ट विसरली नव्हती, पैसा संपला होता

प्रश्न : स्पेनमध्ये ४७ मजली इमारत बांधली आणि लिफ्टच विसरले, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय. खरं का? (भुसावळ)

नाही हो भाऊ. ही अफवा २०१३ पासून फिरतेय. इमारत मात्र खरी आहे : बेनिडॉर्म या समुद्रकाठच्या पर्यटननगरीतली ‘इन्टेम्पो’. दोन उंच मनोरे, वरच्या अंगाला मधोमध हिऱ्यासारखा भाग बसवून जोडलेले. लिफ्टचा डक्ट, म्हणजे लिफ्ट वर-खाली जाते ती उभी पोकळी, हा उंच इमारतीचा कणाच असतो. त्याच्या काँक्रीटच्या भिंतींवरच वाऱ्याचा आणि भूकंपाचा बराचसा जोर पडतो. तो कोणी विसरूच शकत नाही, कारण त्याच्याशिवाय एवढ्या उंचीचं गणितच जुळत नाही.

खरी गोष्ट पैशाची आहे. काम ठरलं तेजीत आणि २००८ ची मंदी आली. कर्ज देणारी बँक अडचणीत आली, विकासक दिवाळखोरीत गेला, आणि बुडीत कर्जं गोळा करणाऱ्या ‘सारेब’ या संस्थेकडे ते कर्ज गेलं. सांगाडा वर्षानुवर्षं तसाच उभा होता. पुढे एका गुंतवणूक फंडाने तो विकत घेतला आणि २०२१ मध्ये काम पुरं झालं. पण यात हसण्यासारखं काही नाही, मग फॉरवर्ड कोण करणार?

प्रश्न : मुलाने पुण्यात चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय. ताब्याची तारीख उलटून दीड वर्ष झालं, साइट बंद आहे. पैसे परत मागावेत का? (धुळे)

आधी महारेराच्या, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका. ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली, जमिनीवर कोणाचा बोजा आहे, कोर्टकज्जे किती, सगळं तिथे दिसायला हवं. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे ग्राहकांच्या पैशातला ७० टक्के वाटा वेगळ्या खात्यात ठेवून तो जमीन आणि बांधकामावरच खर्च करायचा असतो. कलम १८ मध्ये दोन वाटा आहेत : बाहेर पडून व्याजासह रक्कम परत घेणं, किंवा थांबून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज घेणं. पण महारेराचा आदेश मिळणं वेगळं आणि पैसे हातात पडणं वेगळं. वसुली शेवटी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते आणि तिथे चपला झिजतात.

माझं मत विचाराल तर, नुसता खड्डा खणलेला असेल तर बाहेर पडा. सगळे स्लॅब पडून प्लास्टर चालू होतं असं असेल, तर बाकीच्या फ्लॅटवाल्यांना गोळा करा आणि मिळून तक्रार करा.

मधल्या अवस्थेत असेल तर एकदा स्वतः साइटवर जा. सर्वांत वरच्या कॉलममधून बाहेर आलेल्या सळ्यांना नख लावून बघा. नुसती तांबूस पूड निघाली तर तारेच्या ब्रशने भागतं. पापुद्रे सुटत असतील तर सळई बारीक झाली आहे. मग पुढचा स्लॅब पडण्याआधी स्ट्रक्चरल ऑडिटचा (सांगाड्याच्या मजबुतीच्या तपासणीचा) अहवाल लेखी मागा. दोन पावसाळे उघड्यावर काढलेलं लोखंड मी ‘चालतंय’ म्हणून सोडत नाही.

प्रश्न : घर बांधून चार वर्षं झाली. दर उन्हाळ्यात भिंतीला तडे, पावसाळ्यात दारं अडकतात. गवंडी म्हणतो सिमेंट कमी पडलं. (शहादा)

गवंडी बिचारा उगाच शिव्या खातोय. ही तापीकाठची काळी माती. पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात एवढी भेगाळते की काठी आत जाते. पाया तिच्यावरच टेकलेला असेल तर घरही वर-खाली होतं. तडे नुसते लिंपू नका. घराभोवती पक्की फरशी करा, न्हाणीघराचं पाणी पायाशी मुरू देऊ नका. नवीन बांधायचं असेल तर खाली फुगवटा असलेल्या पाइल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) घ्या, ज्याला अंडर-रीम्ड पाइल म्हणतात.

प्रश्न : आमच्या पाच मजली इमारतीत बिल्डर म्हणतो, लिफ्ट ‘नंतर बसवू’. (चोपडा)

१५ मीटरपेक्षा उंच इमारतीला लिफ्ट हवीच, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. लिफ्ट चालवायला परवानाही लागतो. पण कागद नंतर बघा. तळमजल्यावर जाऊन डक्टमध्ये टॉर्च मारा. खाली साधारण दीड मीटर खोल पिट, म्हणजे खड्डा, दिसायला हवा. तिथे सपाट फरशी असेल आणि वॉचमनची सायकल उभी असेल, तर तुमचा बिल्डर मात्र लिफ्ट खरोखरच विसरलाय.