गोरेवाड्याला मुलांना न्यावं का?

तुम्ही विचारलंय की दिवाळीत नागपूरला येताय, ताडोबाला जायला सवड नाही, तर सहा आणि नऊ वर्षांच्या मुलांना गोरेवाड्याची सफारी दाखवावी का.

जरूर दाखवा. फक्त ताडोबाच्या बदल्यात म्हणून नेऊ नका, नाहीतर कुंपण दिसलं की मुलं हिरमुसतील. काटोल रोडवरचं हे प्राणी उद्यान २६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं. वाघ, बिबट आणि अस्वलं यांच्यासाठी झाडाझुडपांचे मोठाले वेगवेगळे भाग कुंपणाने बंदिस्त केले आहेत, हरणं-नीलगायींचा भाग निराळा. मोठ्या काचांच्या बसमधून फिरवतात. एक फाटक मागे लागल्यावरच पुढचं उघडतं. आम्ही गेलो तेव्हा माझ्या मुलीने त्या दुसऱ्या फाटकापाशी माझा हात घट्ट धरला होता.

मुलांना आधी एक गोष्ट नक्की सांगा. उद्यानालगत वन्यप्राण्यांचं बचाव केंद्र आहे. विहिरीत पडलेला बिबट, आईपासून तुटलेली पिल्लं, जखमी वाघ असे प्राणी तिथे उपचाराला आणतात. साहेबराव नावाचा वाघ २०१२ साली चंद्रपूर जिल्ह्यात शिकाऱ्यांच्या लोखंडी सापळ्यात अडकला आणि त्याचा पुढचा पंजा कायमचा अधू झाला. जानेवारी २०२० मध्ये डॉक्टरांनी त्याला कृत्रिम पंजा बसवून पाहिला, पण त्याने तो झटकून टाकला. डिसेंबर २०२४ मध्ये याच केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट बर्ड फ्लूने दगावले. ती बातमी वाचून मला फार वाईट वाटलं होतं. हे ऐकलेलं मूल काचेवर थापा मारून वाघाला उठवायला जात नाही. मोठी माणसं मात्र सर्रास मारतात, आणि मला त्याचा खरोखर संताप येतो.

सकाळची पहिली बस घ्या. ऊन चढलं की वाघ सावलीत किंवा पाण्यात पडून राहतो, मग नुसती पाठ दिसते. अस्वलाच्या भागात घाई करू नका, आम्हाला सगळ्यात जास्त हालचाल तिथेच दिसली. फोटो हवे असतील तर मोबाईल काचेला टेकवून धरा, प्रतिबिंब येत नाही.

आणि वेळ उरला तर गोरेवाडा तलावाच्या काठी थांबा. दिवाळीनंतर तिथे बाहेरगावचे पक्षी उतरू लागतात. दुर्बीण असेल तर पिशवीत टाकाच.