इंजेक्शनवाली ऑफ-रोड गाडी कमी वेगात बंद पडते. फ्युएल पंप बदलू का?

नका बदलू. निदान आत्ता तरी नाही.

तुम्ही सांगितलंय ते थोडक्यात असं: २०० सीसीची इंजेक्शनवाली गाडी, वीस हजारांच्या पुढे चाललेली. हायवेला झकास पळते. पण कच्च्या रस्त्यावर, दगडधोंड्यांत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेस सोडून क्लच दाबला की बंद. प्लग बदलून झाला, पेट्रोलमध्ये क्लीनर ओतून झालं, आणि आता मेकॅनिक म्हणतो पंप गेला.

माझं गॅरेज साताऱ्यात आहे आणि कास-बामणोलीच्या बाजूला धुडगूस घालून आलेल्या गाड्या माझ्याकडे बऱ्याच येतात, म्हणून हे जरा ठासून सांगतो. पंप कमजोर झाला की गाडी आधी तिथे रडते जिथे पेट्रोल जास्त लागतं, म्हणजे चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये चढावर फुल रेस दिल्यावर. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, इंजिनाला पेट्रोल लागतं ते अगदीच थोडं, तेवढं मरतुकडा पंपसुद्धा देतो. तुमचं बरोबर उलटं चाललंय. वर चांगली, खाली बंद, तर आधी हवेकडे बघा.

रेस पूर्ण सोडली की थ्रॉटल बॉडीतली (इंजिनाला हवा जाते त्या नळीतली) बटरफ्लाय, म्हणजे हवा अडवणारी चकती, जवळपास मिटते. मग इंजिनाला हवा मिळते ती शेजारच्या एका बारीक वाटेने, आणि ती वाट किती उघडी ठेवायची हे ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, आयडल व्हॉल्व्हकडून करून घेतं. या वाटेत काजळी धरली की रेस सोडल्यावर आरपीएम पडतो, व्हॉल्व्ह सावरायला जातो आणि तोवर इंजिन थांबलेलं असतं. थ्रॉटल बॉडी काढून उजेडात धरा. बटरफ्लायच्या कडेला काळं चिकट कडं दिसेल आणि बाजूचं भोक अर्धं बुजलेलं. पेट्रोलमध्ये ओतलेलं क्लीनर इथे पोचतच नाही, कारण आपल्या या गाड्यांत इंजेक्टर बटरफ्लायच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला असतो. ते पैसे गेले म्हणा.

रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीपेक्षा तुमच्या गाडीत ही काजळी लवकर धरते, त्याचं कारण आहे पडणं. गाडी आडवी झाली की क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) ब्रीदर पाइपातून इंजिन ऑइल एअर बॉक्समध्ये, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्यात येतं. काहीजण हौसेने ऑइलही लेव्हलच्या वर भरतात, मग तर बघायलाच नको. परवा एकाची गाडी उघडली तर एअर बॉक्सच्या तळाशी ऑइलचं डबकं आणि फिल्टर खालून निम्मा भिजलेला. अशा गाडीची थ्रॉटल बॉडी कितीही घासा, महिन्याभरात पुन्हा तेच. तेव्हा आधी एअर बॉक्स पुसा, फिल्टर बदला (फोमचा असेल तर धुवा आणि ऑइल लावून नीट पिळा), आणि मग थ्रॉटल बॉडीला हात घाला.

साफ करताना थ्रॉटल बॉडी क्लीनर आणि मऊ कापड वापरा. तार किंवा पॉलिश पेपर घालू नका. सेन्सरवर थेट फवारा मारू नका. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांत थ्रॉटलची पोझिशन, हवेचा दाब आणि तापमान बघणारे तिन्ही सेन्सर एकाच डबीत असतात आणि ती डबी महाग पडते. आणि बटरफ्लायच्या स्टॉपचा तो रंग लावून सील केलेला स्क्रू दिसेल, त्याला अजिबात हात लावू नका. कार्बोरेटरवर वाढलेल्या आपल्या लोकांचा हात सवयीने तिकडे जातो. तो फिरवला की थ्रॉटल पूर्ण बंद कुठे याचा ईसीएमचा हिशोबच चुकतो. बसवल्यावर कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीने आयडल रीसेट करून घ्या. प्रत्येक गाडीची पद्धत वेगळी असते, यूट्यूबवर दुसऱ्या गाडीची बघून करू नका.

एवढ्याने सुटलं नाही तर टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हवरची बारीक फट. ढिले टॅपेट टकटक वाजतात म्हणून सगळ्यांना कळतात. टाइट झालेले मात्र वाजत नाहीत, उलट इंजिन छान शांत झालं असं वाटतं. व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, कमी आरपीएमला कॉम्प्रेशन गळतं आणि गाडी गरम झाल्यावर जास्त बंद पडते. सकाळी थंडीत ठीक आणि अर्धा तास चढ चढल्यावर त्रास, असं असेल तर माझा संशय आधी इथेच जाईल. मोजमाप इंजिन पूर्ण थंड असताना, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी). ‘हाताला बरोबर लागतंय’ म्हणणाऱ्याकडून करू नका.

थ्रॉटल बॉडी आणि हेडच्या मधलं रबरही बघून घ्या. ते वाकवलं की चीर दिसते, नुसतं बघून दिसत नाही. क्लॅम्प ढिला असला तरी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि आरपीएम वरखाली होत राहतो.

आता एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, ती नीट बघा. गाडी धापा टाकत, आरपीएम पडत पडत बंद होते, की किल्ली फिरवल्यासारखी एका क्षणात? वर सांगितलं ते सगळं पहिल्या प्रकाराचं. दुसरा प्रकार असेल तर भानगड वायरिंगची आहे. साइड स्टँडच्या स्विचमध्ये चिखल गेला की खड्ड्यात आपटल्यावर तो क्षणभर स्टँड उघडा असल्याचं सांगतो. गाडी पडल्यावर इंजिन बंद करणारा टिल्ट सेन्सर असतो, त्याचं रबर किंवा स्क्रू ढिला झाला तर नुसत्या हादऱ्याने तो इंजिन मारतो. बंद पडल्यावर सेल्फने चालू होत नाही, पण किल्ली ऑफ-ऑन केली की लगेच होते, असं घडलं तर तो सेन्सर आधी पकडा.

आणि तुम्ही जादा लाइट लावलेत का? आयडलिंगला चार्जिंग कमीच असतं, त्यात दोन फॉग लाइट, फोनचा चार्जर, रेडिएटर असेल तर त्याचा पंखा. व्होल्टेज पडलं की इंजेक्टर उशिरा उघडतो आणि स्पार्कही कमजोर पडतो. बॅटरीला मल्टीमीटर लावा, सगळे लाइट चालू ठेवून आयडलिंगला बघा. १३ च्या आसपास किंवा वर हवं. १२.५ च्या खाली जात असेल तर लाइट बंद करून त्याच वाटेने एक चक्कर मारा, उत्तर मिळेल.

फुकटातली आणखी एक तपासणी: गाडी बंद पडली की लगेच टाकीचं झाकण उघडा. सुस्स करून हवा आत गेली तर टाकीचा ब्रीदर पाइप चिखलाने बुजलाय. काडी घालून मोकळा करा.

ई-२० पेट्रोलला (२० टक्के इथेनॉलवाल्या) सध्या सगळेच शिव्या घालतात. थोडं तथ्य आहे. साध्या पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला १३.५ च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. ओटू सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) तापला की ईसीएम हे जमवून घेतं, पण इंजिन थंड असताना जुन्या मॅपवरच, म्हणजे आधी भरून ठेवलेल्या पेट्रोलच्या हिशोबावरच चालतं आणि मिश्रण जरा हलकं पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. त्यात तुम्ही फ्री-फ्लो सायलेन्सर लावला असेल तर भर पडते. मूळ सायलेन्सर परत बसवून बघा, मॅपिंगचा खर्च त्यानंतर.

सगळं तपासून झालं आणि तरी फक्त मोठ्या दगडांच्या चढावरच बंद पडत असेल, तर गिअरिंग लांब आहे. पुढचं स्प्रॉकेट एक दाता कमीचं टाका. टॉप स्पीड थोडा जाईल, पण पहिल्या गिअरमध्ये क्लच न जाळता चालण्याच्या वेगाने गाडी चढेल. चेन ढिली पडेल, तेवढी ताणून घ्या.